व्हॉल्व्हचा आवाज येतो कुठून?

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चांगला की ट्रान्झिस्टरचा, हा वाद ट्रान्झिस्टर आले तेव्हापासून चालू आहे. बहुतेक वेळा तो वाद होतच नाही. एक बाजू ‘गोडवा’ म्हणते, दुसरी ‘आकडे’ म्हणते, आणि दोघं आपापल्या घरी जातात. माझ्या ओळखीतल्या एका मामा-भाचीचं बोलणं मात्र तसं नसतं. मामांनी पुण्यात बुधवार पेठेत रेडिओ आणि लाउडस्पीकरचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवली. गणपतीचे दहा दिवस तर मांडवामांडवांतून कर्णे आणि ॲम्प्लिफायर सांभाळण्यातच जायचे. भाची इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, आजच्या क्लास-डी ॲम्प्लिफायरची सर्किटं आखते. दोघांनाही गाणं ऐकायची मनापासून आवड आहे आणि दोघंही स्वतःच्या हाताने डाग देतात. त्यांच्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग इथे देतो. मला जिथे राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

भाची : मामा, सरळच विचारते. व्हॉल्व्हचा आवाज गोड म्हणजे काय? ॲम्प्लिफायरने आलेला सिग्नल मोठा करायचा आणि स्पीकरच्या हवाली करायचा. पदरचं त्यात काही घालायचं नाही. व्हॉल्व्ह घालतो, हे तुम्हीही मान्य करता.

मामा : घालत असेल. पण ट्रान्झिस्टरवाले बाजारात आले तेव्हा त्यांनीही घातलंच, आणि त्यांनी घातलेलं कानाला बोचायचं. माझ्याकडे गिऱ्हाईक नवाकोरा ॲम्प्लिफायर घेऊन यायचं. पुस्तिकेत डिस्टॉर्शनचा आकडा जुन्या व्हॉल्व्हच्या सेटपेक्षा कमी, आणि तक्रार काय, तर आवाज बारीक ठेवला की सतार किरकिरते. पुस्तिका काही म्हणो, किरकिर होती. मी स्वतः ऐकली आहे.

भाची : होतीच. त्याचं कारण आता पक्कं माहीत आहे. आउटपुटला दोन ट्रान्झिस्टर असतात. लाटेचा वरचा अर्धा भाग एक सांभाळतो, खालचा दुसरा. बायस कमी पडला की काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना क्षणभर कुणीच वाहत नाही, आणि लाट शून्य ओलांडते तिथे खाच पडते. ही खाच साधारण ठरावीक मापाची असते. मोठ्या लाटेत ती नगण्य ठरते, लहान लाटेत तिचा हिस्सा वाढतो. पुस्तिकेतला आकडा पूर्ण पॉवरला मोजलेला, आणि घरात माणूस ऐकतो एका वॅटच्याही खाली.

मामा : म्हणजे कान बरोबर होते आणि आकडा चुकीचा.

भाची : आकडा बरोबर होता, पण चुकीच्या ठिकाणी मोजलेला.

या वादातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. त्या पहिल्या पिढीच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरला नावं ठेवणारे लोक जुन्याला कवटाळून बसलेले नव्हते. त्यांना खरोखरच काही तरी ऐकू येत होतं, आणि ते तपासायची पद्धत इंजिनिअरांनी नंतर बसवली. व्हॉल्व्हची कीर्ती आज जी आहे तिचा मोठा भाग त्या काळात कमावलेला आहे. समोरचा खेळाडू तेव्हा कच्चा होता.

मामा : मग कान हेही मोजायचं साधनच झालं की.

भाची : झालं ना. पण साधन म्हटलं की तेही तपासून घ्यायला हवं. १९७८ साली जेम्स मॉयर यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये एक चाचणी छापली. क्वाड कंपनीचे तीन ॲम्प्लिफायर घेतले. एक १९५३चा व्हॉल्व्हवाला क्वाड टू, दुसरा १९६७चा ट्रान्झिस्टरचा ३०३, आणि तिसरा तेव्हा नवा असलेला ४०५. ऐकणारे कसलेले, पण कुठला ॲम्प्लिफायर चालू आहे हे त्यांना सांगायचं नाही. निकाल काय, तर नुसत्या अंदाजाने उत्तरं दिली असती तरी यापेक्षा वेगळं काही आलं नसतं. फरक ओळखता आला नाही.

मामा : तिन्ही एकाच घरचे. तिन्ही उत्तम बनवलेले. आणि आपापल्या ताकदीच्या आत चालवलेले असणार. अशा वेळी फरक नाही कळला तर त्यात क्वाड टूची नाचक्की कुठे झाली? पंधरा वॅटचा, दोन केटी ६६ व्हॉल्व्हवर चालणारा सेट पंचवीस वर्षांनी नातवंडांच्या मांडीला मांडी लावून बसला. मला तर हे कौतुकाचं वाटतं.

भाची : मलाही वाटतं. म्हणूनच म्हणते, चांगला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर गोड नसतो. तो साफ असतो.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. पुढे ते विल्यमसनबद्दल बोलले. हा विषय निघाला की त्यांचा आवाजच बदलतो.

मामा : हे बघ, साफपणाची सुरुवातही आमच्याच माणसाने केली. डी. टी. एन. विल्यमसन. एप्रिल आणि मे १९४७च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये त्याने सर्किट छापलं. दोन केटी ६६, ट्रायोडसारखे जोडलेले, पंधरा वॅट, आणि पूर्ण पॉवरला डिस्टॉर्शन एक दशांश टक्क्याच्या आत. कंपनीचं गुपित वगैरे काही नाही. ज्याला हवं त्याने बांधावं. जगभर लोकांनी बांधला.

भाची : आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बेल लॅबमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला.

मामा : हो, तेही खरं. पण विल्यमसनची खरी करामत व्हॉल्व्हमध्ये नव्हती. केटी ६६ बाजारात होताच. त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडून, स्पीकरच्या तारेवरून, वीस डेसिबल फीडबॅक मागे आणून पहिल्या व्हॉल्व्हला दिला. बोलायला सोपं आहे. ट्रान्सफॉर्मर बेताचा असला की एवढ्या फीडबॅकने ॲम्प्लिफायर स्वतःच शिट्टी मारायला लागतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर कसा हवा ते त्याने नीट लिहून दिलं. प्रायमरी आणि सेकंडरीचे भाग पाडायचे, एकाचा थर, दुसऱ्याचा थर, परत पहिल्याचा, असे एकात एक गुंडाळायचे. ज्यांनी इथे काटकसर केली त्यांचा विल्यमसन विल्यमसनसारखा वाजला नाही.

इथे वाचकांसाठी थोडं थांबतो. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, निर्वातातून प्लेटकडे धावतात, आणि मधली ग्रिड त्यांना कमी-जास्त करते. ली डी फॉरेस्टने १९०६मध्ये ही तिसरी पट्टी आत घातली आणि सिग्नल मोठा करणं शक्य झालं. पण व्हॉल्व्ह दाब भरपूर देतो, प्रवाह थोडा. ईएल ३४ची जोडी असेल तर तिला समोर साडेसहा हजार ओहमच्या आसपासचा भार हवा असतो. स्पीकर असतो आठ ओहमचा. या दोघांचं जुळवायचं तर मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो, सुमारे एकोणतीस वेढ्यांना एक या प्रमाणात. गाण्यातला प्रत्येक स्वर त्या लोखंडातून आणि तांब्यातून जातो. खर्जाला लोखंड पुरेसं लागतं, तार सप्तकाच्या वरच्या नादांना गुंडाळी नेमकी लागते. ॲम्प्लिफायर उचलताना जे वजन जाणवतं ते बहुतेक याचंच आणि शेजारच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचं असतं.

भाची : तरीही लोक म्हणतात, व्हॉल्व्हमध्ये दुसरं हार्मोनिक येतं आणि ते सुरेल असतं, ट्रान्झिस्टरमध्ये तिसरं येतं आणि ते बेसूर असतं. हे मला अजिबात पटत नाही.

मामा : का? षड्जाचं दुसरं हार्मोनिक म्हणजे तार षड्ज. तो कसा खुपेल?

भाची : तिसरं म्हणजे तार पंचम. तोही खुपत नाही. पाचवं म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार, तुमचा लाडका. एकच सूर वाजत असेल तोवर सगळं छान आहे. पण गाण्यात एकच सूर कधी असतो? हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा तानपुऱ्याचा षड्ज २४० हर्ट्झ आहे आणि गाणारी बाई भूपात शुद्ध रिषभ लावून उभी आहे, म्हणजे २७०. जो ॲम्प्लिफायर दुसरं हार्मोनिक तयार करतो, तो या दोघांची बेरीजही तयार करतोच. ५१०. तार सप्तकातला कोमल रिषभ येतो ५१२ला. म्हणजे भूपात कोमल रिषभाच्या शेजारचा सूर, जो ना गाणारीने लावला, ना तानपुऱ्याने. आणि दोन्ही सूर सारख्या जोराचे असतील तर ही बेरीज त्या ‘सुरेल’ दुसऱ्या हार्मोनिकच्या दुप्पट मोठी असते.

मामा : अगं, पण किती? शंभरात एक, दोन. तानपुऱ्याची जवारी म्हणजे मुळातच हार्मोनिकांचं भांडार. गंधाराला एकही तार लावलेली नसते, तरी नीट मिळवलेल्या तानपुऱ्यातून स्वयंभू गंधार येतो. त्या गजबजाटात तुझा ५१० कुणाला कळणार?

भाची : मग तार षड्ज तरी कुणाला कळणार? न कळण्याएवढं थोडं असेल तर ते कडूही नाही आणि गोडही नाही. कळण्याएवढं असेल तर गोडाबरोबर कडूही आलंच.

मामा : हं.

भाची : आणि दुसरी गोष्ट. विल्यमसन काय, क्वाड टू काय, तुमच्या टेबलावरचा हा मुलार्ड काय, सगळे पुश-पुल. दोन व्हॉल्व्ह उलटसुलट ओढतात आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये त्यांची दुसरी, चौथी, सगळी सम हार्मोनिकं एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं ते तिसरं. म्हणजे ज्या ॲम्प्लिफायरांनी व्हॉल्व्हचं नाव मोठं केलं, त्यांच्यात हे प्रसिद्ध दुसरं हार्मोनिक जवळजवळ नसतंच.

यावर मामांनी उत्तर दिलं नाही, आणि माझ्या मते उत्तर नाहीही. सम-विषमाची ही गोष्ट पसरली त्यामागे रसेल हॅम यांचा १९७३चा एक लेख आहे. तो होता स्टुडिओतल्या मायक्रोफोनच्या प्रीॲम्प्लिफायरबद्दल, आणि तेही क्षमतेबाहेर चालवलेल्या. घरात, ताकदीच्या आत चालणाऱ्या पॉवर ॲम्प्लिफायरला तो निष्कर्ष चिकटवणं हा त्या लेखावरही अन्याय आहे. गिटारचा ॲम्प्लिफायर घेतला तर गोष्ट वेगळी. तिथे व्हॉल्व्ह मुद्दाम क्षमतेबाहेर ढकलतात, कारण तो वाद्याचाच भाग आहे. गिटारवाल्याला आवाज घडवायचा असतो. किशोरीताईंची ध्वनिमुद्रिका लावणाऱ्याला तो घडलेला आवाज जसाच्या तसा हवा असतो.

मामा : बरं, सम हार्मोनिक सोडून देऊ. पण फरक ऐकू येतो हे तर तू नाकारत नाहीस? ३००बी लावलेला, एकाच व्हॉल्व्हचा, फीडबॅक नसलेला सेट मी ऐकलाय. आठ वॅटसुद्धा नीट देत नाही. पण माणसाचा आवाज समोर येऊन उभा राहतो.

भाची : नाकारत नाही. तो फरक मोठा असतो आणि मोजताही येतो. त्या सेटचा आउटपुट इम्पिडन्स असतो दोन-तीन ओहम. समजा अडीच. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेलं असलं तरी तो सगळ्या सुरांना आठ नसतो. कुठे सहावर येतो, कुठे तीसवर चढतो. सहा असतो तिथे तीन डेसिबल अडीच ओहममध्ये जिरतात. तीस असतो तिथे पाऊणच डेसिबल जिरतो. म्हणजे काही स्वर सव्वादोन डेसिबलने वर उचलले गेले. एवढा फरक कुणालाही कळेल. पण तो स्पीकर बदलला की बदलतो. एकाकडे माणूस समोर येऊन उभा राहील, दुसऱ्याकडे नुसता खर्ज घुमेल.

मामा : हे मात्र खरं आहे. एकच सेट मी दोन घरांत लावलाय आणि दोन घरांत दोन तऱ्हा ऐकल्यात. तेव्हा वाटायचं, खोलीचा दोष.

भाची : खोलीचाही असेल. पण आधी हा हिशेब करायचा. अमेरिकेत बॉब कार्व्हरने १९८५मध्ये तेच केलं. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या लोकांना म्हणाला, तुमचा आवडता महागडा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर द्या, माझा ट्रान्झिस्टरचा मी तसाच वाजवून दाखवतो. दोन्ही एकमेकांविरुद्ध उलटे जोडले, म्हणजे जे सारखं ते कटून जाईल आणि फरक तेवढाच मागे राहील. मग तो फरक कमी-कमी करत सत्तर डेसिबल खाली नेला. दोन दिवसांच्या आत. ऐकणाऱ्यांना वेगळा ओळखता आला नाही. मामा, त्यात काचेची एकही नळी नव्हती.

मी कार्व्हरच्या त्या प्रयोगाकडे व्हॉल्व्हचा पराभव म्हणून बघत नाही. ज्याला आपण व्हॉल्व्हचा आवाज म्हणतो तो सर्किटचा, ट्रान्सफॉर्मरचा आणि स्पीकरशी जमलेल्या जोडीचा आवाज आहे, असं तो सांगतो. काचेवर छापलेल्या नावाचा त्यात वाटा फार थोडा. आणि नेमकं त्या नावासाठीच लोक आज हजारो रुपये मोजतात. जुन्या मुलार्डच्या ईएल ३४ शोधत फिरतात, एक जोडी काढून दुसरी घालतात, परत पहिली घालतात.

मामांच्या टेबलावरचा मुलार्ड ५-२० याच वेडातून आलेला होता. पाच व्हॉल्व्ह, वीस वॅट, मुलार्डने हौशी लोकांसाठी छापलेल्या सर्किटवरून कुणी तरी हाताने बांधलेला. मालकाने ईएल ३४ची महाग जोडी आणून घातली होती, तरी एका बाजूचा व्हॉल्व्ह राहून राहून लाल व्हायचा. मामांनी आधी दिवा मालवला. अंधारात दोन्ही व्हॉल्व्हच्या हीटरची केशरी धग दिसत होती, ती असायचीच. पण उजव्या व्हॉल्व्हच्या करड्या प्लेटवर, मधल्या शिवणीच्या कडेला, गडद लाल पट्टा हळूहळू चढत होता. तो असता कामा नये. काचेच्या डोक्यावरचा गेटरचा आरसा चकचकीत होता, म्हणजे आत हवा शिरलेली नव्हती. मग मीटर. प्रत्येक कॅथोडखाली ४७० ओहमचा रेझिस्टन्स. डावीकडे तीस व्होल्ट, म्हणजे ६४ मिलिअँपिअर, ठीक. उजवीकडे चाळीस, म्हणजे ८५. पंचवीस वॅट सोसणाऱ्या प्लेटवर तीसच्या वर वॅट जळत होते. मामांनी व्हॉल्व्हची अदलाबदल केली. लाल पट्टा व्हॉल्व्हबरोबर गेला नाही, उजव्या जागेतच राहिला. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून ग्रिडकडे सिग्नल नेणारा कंडेन्सर गळत होता. सिग्नलबरोबर थोडं डीसीही ग्रिडवर जात होतं आणि व्हॉल्व्हला गरजेपेक्षा जास्त उघडत होतं. नवा कंडेन्सर लागला, दोन डाग दिले, चाळीसचे तीस झाले.

भाची : पाहिलंत? व्हॉल्व्ह निर्दोष होता.

मामा : पाहिलं. आणि तूही एक पाहा. साठ वर्षांपूर्वी कुणी तरी घरी बांधलेली वस्तू आज मी डोळ्याने, मीटरने आणि एका कंडेन्सरने चालू केली. तुझ्या क्लास-डीच्या बोर्डावरची चिप गेली तर?

भाची : बोर्ड बदलायचा.

मामा : आणि तो बोर्ड बनायचा थांबला असेल तर?

भाची : मग सेट फेकायचा. हे मला टोचतं, मामा. पण चार ईएल ३४ नुसते तापवायला अडतीस वॅट, त्यांच्या प्लेटवर आणखी शंभरच्या आसपास, आणि हे सगळं गाणं सुरू व्हायच्या आधी. तेवढ्या विजेत माझा ॲम्प्लिफायर दोन खोल्या दणाणून सोडेल. शिवाय तुमचे व्हॉल्व्ह तरी कुठे बनतात आता? बंगळूरला बीईएल बनवायची, ते दिवस गेले. रशियात सारातोव्ह, स्लोव्हाकियात चाडत्सा, चीन, अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक. २०२२च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात थोडे दिवस थांबवली, तर जगभर किमती चढल्या.

मामा : मान्य. रोजच्या बातम्यांना, टीव्हीला तुझा लाव. पण जो सेट बांधलेला आहे, ज्याचं लोखंड शाबूत आहे, तो मोडीत घालू नका एवढंच माझं म्हणणं.

भाची : त्याला मी कधीच विरोध केला नाही. नव्या व्हॉल्व्हच्या सेटसाठी लाखभर रुपये मोजून ‘हे जास्त खरं आहे’ असं कुणी म्हणालं, तर मी विरोध करीन.

माझा कौल यात अर्धा-अर्धा नाही. मूळ गाण्याशी प्रामाणिक राहण्याच्या कसोटीवर भाची बरोबर आहे. आज चांगला ट्रान्झिस्टर किंवा क्लास-डी ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हपेक्षा कमी पैशांत, कमी विजेत जास्त साफ वाजतो. पण जुना, नीट बांधलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर सांभाळण्यालायक आहे, हे मामांचं म्हणणंही तितकंच पक्कं आहे, आणि त्यासाठी गोडव्याच्या कहाणीची गरज नाही. विल्यमसन, क्वाड टू आणि मुलार्ड ५-२० आखणाऱ्यांनी साफपणाच मागितला होता. तो आजही त्यांतून मिळतो.

ज्यांच्या घरी, वाड्याच्या माळ्यावर किंवा मंडळाच्या कपाटात असा सेट पडून असेल, त्यांना माझी विनंती आहे. तो भंगारात देऊ नका, आणि एकदम प्लग लावून चालूही करू नका. जाणत्या माणसाकडून आधी कंडेन्सर तपासून घ्या, मग कॅथोडचे व्होल्ट, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग. व्हॉल्व्ह सर्वांत शेवटी. आणि झाकण उघडायची हौस असेल तर एवढं ध्यानात ठेवा, की बटण बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्टच्याही वर वीज साठून राहू शकते. ती उतरवून, मीटरवर शून्य बघितल्याशिवाय आत हात घालायचा नाही.